कचऱ्याच्या कामाचे प्रशिक्षण घेताना: वस्तीतून येणाऱ्या नवशिक्यांसाठी

शहरातल्या वस्त्यांमध्ये कचरा व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाचे बोलावणे अनेक वाटांनी येते. कधी बचत गटाच्या बैठकीत पत्रक वाटले जाते, कधी वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर सूचना लागते, तर कधी एखादी संस्था थेट वस्तीत येऊन नावे लिहून घेते. ज्यांनी हे काम पूर्वी कधी केलेले नाही त्यांनी, आणि जे वर्षानुवर्षे कचरा वेचत आले आहेत पण ज्यांच्या हाती त्याचा एकही कागद नाही त्यांनी, या प्रशिक्षणाकडे कसे पाहावे, आत शिरण्यापूर्वी काय विचारावे आणि प्रत्यक्ष काम शिकताना कशाकडे लक्ष द्यावे, हे येथे पायरीपायरीने मांडले आहे. घरात वाचता येणाऱ्या मुलाने किंवा मुलीने आईला, आजीला हे वाचून दाखवावे, अशीही अपेक्षा आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. या क्षेत्रात कौशल्यापेक्षा कचऱ्यावरचा हक्क मोठा असतो. काम उत्तम येत असले, तरी कोणत्या इमारतींमधून कचरा उचलायचा, तो निवडायला कुठे बसायचे आणि निघालेला माल कोणाच्या मालकीचा, हे ठरलेले नसेल, तर प्रमाणपत्र भिंतीवर टांगण्यापलीकडे उपयोगाला येत नाही. एका शहरात दहा दिवसांचा वर्ग पूर्ण करून, फोटो काढून, हातमोजे आणि पिशवी घेऊन घरी परतलेल्या बावीस बायकांना मी सहा महिन्यांनी भेटले होते. त्यांतल्या दोघीच त्या कामात उरल्या होत्या, आणि त्या दोघी प्रशिक्षणाच्या आधीपासूनच कचरा वेचत होत्या.

पहिली पायरी: कोणते काम, हे ठरवणे

‘कचऱ्याचे काम’ या एका नावाखाली निदान चार वेगळी कामे येतात. घरोघरी जाऊन वर्गीकृत कचरा गोळा करणे हे पहिले. यात सकाळचे चार ते पाच तास जातात, जिने चढावे लागतात आणि लोकांशी बोलण्याची हातोटी लागते. दुसरे काम सुक्या कचऱ्याची निवड करून तो विकण्याजोगा करण्याचे. यात बसून काम असते, पण नजर आणि हात तयार असावे लागतात. तिसरे काम ओल्या कचऱ्यापासून खत किंवा बायोगॅस तयार करण्याचे. गृहनिर्माण सोसायट्या, उपाहारगृहे आणि महाविद्यालये यांना अशी माणसे हवी असतात. चौथे काम मैलागाळ आणि सांडपाणी यांचे. ते यंत्रानेच व्हायला हवे आणि त्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे. आपले वय, गुडघे आणि कंबर यांची स्थिती, घरातल्या लहान मुलांची वेळ आणि वस्तीपासून कामाचे अंतर या चार गोष्टी पाहून निवड करावी. पन्नाशीच्या बाईने जिन्यांच्या कामाऐवजी खताचे काम निवडले, तर ते कमी प्रतीचे ठरत नाही, उलट पुष्कळदा तिथला पगार अधिक नियमित असतो.

दुसरी पायरी: शिकवणारा कोण आहे आणि पुढे काय देणार आहे

महाराष्ट्रात या कामाला मोठा इतिहास आहे. पुण्यात १९९३ मध्ये, बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली आणि एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातील कार्यकर्त्यांच्या प्रयत्नांतून, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या सभासदांत बहुसंख्य स्त्रिया दलित समाजातील असून, त्यांतल्या अनेकींची कुटुंबे १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून पोटासाठी पुण्यात आलेली होती. या संघटनेने पहिल्यांदा काय मागितले, हे नवशिक्यांनी समजून घेण्यासारखे आहे: ओळखपत्र. पोलिसाने अडवले, सोसायटीच्या रखवालदाराने चोर म्हणून हटकले, तर पुढे करायला काही तरी हवे होते, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पुणे महापालिकेने त्या ओळखपत्रांना मान्यता दिली. घरोघरी कचरा गोळा करणारी, कचरावेचकांच्याच मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था त्यानंतर झाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. म्हणजे ओळख आधी आली, कामाची पद्धतशीर घडी नंतर बसली. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांच्या पुढाकाराने ‘परिसर विकास’ हा उपक्रम चालवला आणि कचरावेचक स्त्रियांना ‘परिसर भगिनी’ असे नाव देऊन खत, बायोगॅस आणि बागकाम यांचे प्रशिक्षण दिले. या दोन्ही ठिकाणी प्रशिक्षणाच्या मागे संघटना होती, हे विसरू नये.

त्याशिवाय सरकारी वाट आहे. केंद्राच्या कौशल्य विकास व्यवस्थेत हरित रोजगारांसाठी स्वतंत्र कौशल्य परिषद असून, तिने सफाई कर्मचारी, कचरावेचक अशा कामांसाठी अभ्यासक्रम ठरवलेले आहेत. जे आधीपासून हे काम करतात त्यांच्यासाठी ‘पूर्वकौशल्याची मान्यता’ नावाची सोय असते. यात पूर्ण वर्ग करावा लागत नाही, थोड्या दिवसांची उजळणी आणि चाचणी घेऊन, येत असलेल्या कामाचे प्रमाणपत्र दिले जाते. वीस वर्षे कचरा निवडणाऱ्या बाईला नवशिक्या म्हणून पहिल्या बाकावर बसवू नये, तिने हीच सोय मागावी. सामाजिक न्याय मंत्रालयाची ‘नमस्ते’ योजना २०२३-२४ पासून सुरू झाली. ती प्रथम गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करणाऱ्यांसाठी होती, पुढे तिच्यात कचरावेचकांचाही समावेश झाला. नोंदणी, सुरक्षेची साधने, सुरक्षेचे प्रशिक्षण आणि आयुष्मान भारत योजनेतून आरोग्यसंरक्षण हे तिचे मुख्य भाग आहेत. आपल्या नगरपालिकेत त्याची नोंदणी कोण करते, हे आरोग्य किंवा घनकचरा विभागात जाऊन विचारावे.

नाव लिहून देण्यापूर्वी प्रशिक्षकांना पुढील प्रश्न विचारावेत, आणि शक्यतो एकटीने न विचारता चार-पाच जणींनी मिळून विचारावेत. वर्ग संपल्यावर काम कुठे मिळणार, ते लेखी सांगता येईल का? पगार मिळणार असेल, तर तो शासनाच्या किमान वेतनाइतका आहे का? घरांकडून मासिक शुल्क मिळणार असेल, तर ते आपण स्वतः गोळा करायचे की ठेकेदार? सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे कोणाचे? वर्गाच्या दिवसांत बुडणाऱ्या रोजाचे काय? या शेवटच्या प्रश्नाला संकोच करू नये. रोज कमवून रोज खाणाऱ्या घरातून दहा दिवस वर्गाला येणे म्हणजे दहा दिवसांचा किराणा सोडणे असते, आणि ज्या संस्थेला हे कळत नाही तिला वस्तीही कळलेली नसते. प्रशिक्षणासाठी कोणी ‘अनामत’ किंवा ‘फॉर्मचे पैसे’ मागत असेल, तर पावती मागावी, आणि पावती देत नसतील तर तिथून उठावे.

तिसरी पायरी: कागदपत्रे

आधार, त्याच्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक आणि स्वतःच्या नावाचे बँक खाते एवढे असले म्हणजे बहुतेक कामे पुढे सरकतात. खाते नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर असून चालत नाही. असंघटित कामगारांसाठीची ई-श्रम नोंदणी २०२१ पासून सुरू आहे, ती विनाशुल्क आहे आणि १६ ते ५९ या वयोगटासाठी आहे. तिथे व्यवसायाच्या रकान्यात ‘घरकाम’ किंवा ‘मजुरी’ असे मोघम न लिहिता नेमके काम लिहावे, कारण पुढे कोणत्याही योजनेत तीच नोंद पाहिली जाते. कचरा वेचणाऱ्या आणि सफाईकाम करणाऱ्या पालकांच्या शाळकरी मुलांसाठी केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे आणि तिला जातीची किंवा धर्माची अट नाही. अनेक शाळांमध्ये ही माहिती मागितल्याशिवाय मिळत नाही; मुख्याध्यापकांना भेटून ती विचारावी.

चौथी पायरी: शरीराची तयारी

वर्ग सुरू होण्यापूर्वी धनुर्वाताचे इंजेक्शन आणि काविळीच्या ब प्रकाराची लस घ्यावी. या लसीचे तीन डोस साधारण सहा महिन्यांत पूर्ण होतात, त्यामुळे पहिला डोस लवकर घेतलेला बरा. हातमोजे, गमबूट, मास्क आणि ॲप्रन ही साधने संस्थेने द्यायला हवीत, परंतु ती घेताना मापाची मागणी जरूर करावी. पुरुषांच्या मापाचे जाड रबरी मोजे बायकांच्या हातात सैल बसतात, बोटांना बाटलीचे झाकणसुद्धा धरता येत नाही, मग ते मोजे पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यात पडतात आणि ‘या बायका साधने वापरत नाहीत’ असा दोष त्यांच्याच माथी येतो. निवडीच्या कामाला तळव्यावर रबराचा लेप असलेले सुती मोजे अधिक सोयीचे पडतात. काच आणि सुया यांचा संशय असेल तिथे मात्र जाड मोजेच हवेत, आणि कचऱ्याची पिशवी हात घालून चाचपण्याऐवजी जमिनीवर ओतून पाहावी.

सुई टोचलीच, तर जखम दाबून रक्त काढत बसू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन काय टोचले ते स्पष्ट सांगावे. एचआयव्हीच्या संसर्गापासून संरक्षण देणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि जितकी लवकर सुरू होतील तितकी उपयोगी पडतात. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्यावेत, अशी मोहीम ‘स्वच्छ’ने पुण्यात चालवली. आपल्या इमारतींमध्येही पहिल्याच महिन्यात हे सांगावे. सांगताना लाज वाटते, हे खरे आहे. पण उघडे पॅड हातात येण्याचा प्रसंग रोज सोसण्यापेक्षा एकदा सांगणे सोपे आहे.

पाचवी पायरी: सुका कचरा ओळखणे

या कामातले खरे शिक्षण इथे आहे. पुस्तकात प्लास्टिकचे सात क्रमांक असतात आणि ते बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात कोरलेलेही असतात: १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचे पेट, २ म्हणजे शाम्पूच्या डब्याचे जाड प्लास्टिक, ४ म्हणजे दुधाच्या पिशवीचे मऊ प्लास्टिक, ५ म्हणजे डबे आणि झाकणे यांचे पॉलिप्रॉपिलीन. परंतु तासाला शेकडो वस्तू हाताखालून जात असताना कोणी क्रमांक वाचत नाही. एका निवड शेडमध्ये पहिल्या दिवशी मी चष्मा लावून आकडे शोधत बसले होते, तेव्हा शेजारच्या मावशींनी दोन पारदर्शक पिशव्या उचलल्या आणि म्हणाल्या, “ताई, डोळे मिटा आणि ऐका.” एक पिशवी चुरगळल्यावर कुरकुरीत, टोकदार आवाज आला, दुसरी जवळजवळ न बोलता मुठीत मावली. पहिली कपड्यांच्या वेष्टनाची, पॉलिप्रॉपिलीनची, दुसरी पॉलिथिनची. दोन्ही एका गोणीत गेल्या, तर भंगारवाला अख्ख्या गोणीला खालचा भाव लावतो. त्या मावशींना अक्षरओळख नव्हती. प्रशिक्षण देणाऱ्यांनी अशा बाईला वर्गात विद्यार्थिनी म्हणून न बसवता शिक्षिका म्हणून मानधन द्यावे, असे मला मनापासून वाटते.

घरी करून पाहण्यासारखा एक प्रयोग आहे. बादलीभर पाण्यात पाण्याच्या बाटलीचा कापलेला तुकडा आणि तिचे झाकण टाकावे. तुकडा तळाला जातो, झाकण तरंगते. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असतात, पेट आणि पीव्हीसी जड असतात. पुनर्वापराच्या कारखान्यांत तुकडे वेगळे करण्यासाठी हाच गुण वापरतात. म्हणूनच बाटलीपासून झाकण आणि कागदी पट्टी वेगळी केली, तर मालाला चांगला भाव मिळतो. धातूंसाठी खिशात एक छोटे लोहचुंबक ठेवावे: लोखंडाचा पत्रा चिकटतो, जर्मनची भांडी चिकटत नाहीत. विजेच्या तारेतले तांबे काढण्यासाठी तार जाळण्याची सवय काही ठिकाणी आहे. ती सर्वस्वी सोडावी. जळणाऱ्या पीव्हीसीचा धूर फुप्फुसांना घातक असतो आणि काळे पडलेले तांबे कमी भावाने जाते. तार सोलावी. ट्यूबलाइट आणि सीएफएल दिवे यांत पारा असतो, ते फोडू नयेत; मोबाइलची फुगलेली बॅटरी गोणीत दाबली गेल्यास पेट घेऊ शकते, म्हणून ती पहिल्यांदा वेगळी काढावी. वेफर्सच्या आणि बिस्किटांच्या चकाकत्या पुड्यांना बहुतेक ठिकाणी भाव नसतो. त्या गोळा करण्याचे वेगळे पैसे महापालिकेकडून किंवा उत्पादक कंपन्यांच्या निधीतून मिळावेत, ही मागणी रास्त आहे आणि करार करताना ती मांडावी.

काट्याकडे लक्ष असू द्यावे. गटाचा स्वतःचा वजनकाटा असावा आणि माल दुकानात नेण्याआधी घरी तोलून वहीत लिहावा. भाव आठवड्याला बदलतात, त्यामुळे दोन-तीन दुकानांत विचारल्याशिवाय मोठा माल देऊ नये. ज्याच्याकडून उचल घेतली आहे त्यालाच माल घालावा लागतो, ही जुनी अडचण आहे. बचत गटातून छोटे कर्ज घेऊन आधी ती उचल फेडावी.

सहावी पायरी: ओला कचरा

आपल्या शहरांतल्या घरगुती कचऱ्यात वजनाने निम्म्याच्या आसपास भाग ओल्याचा असतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा निर्माण करणाऱ्यांना मोठे कचरा निर्माते ठरवले आणि मोठ्या संकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असे सांगितले. वस्तीतल्या माणसांसाठी पगाराच्या नोकऱ्या निर्माण झाल्या त्या यातूनच. सोसायटीला यंत्र विकणारे पुष्कळ असतात, ते चालवणारी जाणती व्यक्ती मात्र सहज मिळत नाही.

खत करणे म्हणजे सूक्ष्म जीवांना हवा, ओल आणि खाणे योग्य प्रमाणात देणे. भाजीचा कचरा हे त्यांचे ओले खाणे. वाळलेला पाला, लाकडाचा भुसा, नारळाचा काथ्या हे कोरडे. थरावर थर द्यावा आणि दोन-तीन दिवसांनी मूठभर मिश्रण हातात घेऊन घट्ट दाबावे. बोटांच्या फटीतून एखादा थेंब आला, तर ओल बरोबर आहे. पाणी गळू लागले, तर पाला वाढवावा. मूठ उघडल्यावर गोळा लगेच विस्कटला, तर पाणी शिंपडावे. ढिगात लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटांनी बाहेर काढावी: ती हातात धरवत नसेल, तर आत ५५ ते ६० अंशांचे तापमान आहे आणि काम ठीक चालले आहे. आंबूस, कुजका वास म्हणजे हवा कमी पडली, ढीग खालवर करावा. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे ओले खाणे जास्त झाले, कोरडे घालावे. अळ्या दिसल्या की सोसायटीचे सदस्य घाबरून तक्रार करतात. बहुतेक वेळा त्या कचरा खाणाऱ्या निरुपद्रवी माशीच्या असतात, वर कोरड्या पाल्याचा थर दिला की दिसेनाशा होतात, आणि हे शांतपणे समजावून सांगता येणे हाही कामाचाच भाग आहे. महिना-दीड महिन्यात ढीग थंड होतो, काळपट होतो आणि त्याला ओल्या मातीचा वास येतो, तेव्हा तो चाळावा.

बायोगॅसचे काम अधिक कसबाचे आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेले ‘निसर्गऋण’ हे तंत्र स्वयंपाकघरातल्या कचऱ्यासाठी महाराष्ट्रात अनेक ठिकाणी वापरले गेले, आणि परिसर भगिनींनी असे प्रकल्प स्वतः चालवून दाखवले आहेत. यात नारळाची करवंटी, आंब्याच्या कोयी, मोठी हाडे आणि दोरे आत जाऊ द्यायचे नसतात, कारण त्यांनी यंत्र अडते. टाकीजवळ काडी पेटवू नये आणि कोणत्याही कारणाने टाकीत डोकावू नये किंवा उतरू नये.

गटार आणि सेप्टिक टाकी

याबाबत नियम एकच आहे: माणसाने आत उतरायचे नाही. हाताने मैला साफ करण्यास मनाई करणारा कायदा २०१३ चा आहे आणि सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा टाकीत माणूस उतरवणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास देतो, परंतु प्रमाण वाढले की नाकाची जाणीवच बधिर होते आणि वास गेला म्हणजे वायू गेला, असे माणसाला वाटते. पहिला बेशुद्ध पडल्यावर त्याला काढायला उतरलेला दुसराही मरतो, तो यामुळेच. अशा मृत्यूंबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपये भरपाई ठरवली आणि २०२३ मध्ये ती ३० लाख रुपये केली. मुकादमाने “पाचच मिनिटांचे काम आहे” असे म्हटले, तरी नकार द्यावा आणि मैला यंत्राने खेचून घेणाऱ्या शोषणगाडीसाठी १४४२० या क्रमांकावर कळवण्यास सांगावे. या क्षेत्रात शिकायचे असेल, तर गाडी चालवणे, पंप आणि नळी हाताळणे, वायूमापक वाचणे हे शिकावे. ‘नमस्ते’ योजनेत अशी वाहने घेण्यासाठी भांडवली अनुदानाचीही तरतूद आहे.

प्रशिक्षणानंतरचे पहिले तीन महिने

एकटीने काम मागण्यापेक्षा आठ-दहा जणींच्या गटाने मागावे. घरोघरी संकलनात दोघींच्या जोडीला साधारण दीडशे ते तीनशे घरे येतात, तेव्हा इमारती वाटून घेताना जिने, घरांची संख्या आणि सुक्या मालाचे प्रमाण पाहून वाटणी करावी, नाही तर चांगल्या इमारतींवरून गटात पहिल्याच महिन्यात भांडण होते. नगरपालिकेकडे अर्ज करताना तीन गोष्टी स्वतंत्रपणे मागाव्यात: सही-शिक्क्याचे ओळखपत्र, निवडीसाठी छप्पर असलेली जागा, आणि तिथे पाणी व शौचालय. शेडला शौचालय नसेल, तर बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, ही गोष्ट अर्जात स्पष्ट शब्दांत लिहावी. करारात मुदत, नूतनीकरणाची तारीख आणि माल कोणाचा हे कलम असावे. पुण्याच्या करारालाही मुदत संपल्यावर प्रत्येक वेळी सहज नूतनीकरण मिळालेले नाही, त्यासाठी कष्टकऱ्यांना रस्त्यावर यावे लागले. म्हणून मुदत संपण्याच्या सहा महिने आधी पत्र द्यावे आणि त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा.

आणि पहिल्या दिवसापासून वही ठेवावी. तारीख, किती घरे, ओला किती किलो, सुका किती किलो, विक्री किती आणि कोणी कचरा वेगळा करून दिला नाही, एवढे रकाने पुरेत. लिहिता येत नसेल, तर मुलाला संध्याकाळी पाच मिनिटे बसवावे. आपण महिन्याला किती टन कचरा डेपोवर जाण्यापासून वाचवला, हा आकडा महापालिकेच्या टेबलावर ठेवायला दुसरा कोणी येणार नाही, तो याच वहीतून निघेल.